टेबलाचा चष्मा

"ताई, मना डोया जातीन का वं?" भास्करभाऊंनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं. पंधरा दिवसांतली ही त्यांची दुसरी फेरी. डोळे जातील का, हे मलाच विचारत होते. नंबर मीच काढला होता ना!

मी ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते; ऑपरेशनं डॉक्टर करतात. इथे गुजरातेत, लिंबायतमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये निम्मे पेशंट खानदेशातले, कापडाच्या कामातले. भास्करभाऊ शिरपूरकडचे, वय सेहेचाळीस, काम चेकिंगचं. खालून लाइट लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत राहतं आणि त्यातला तुटका धागा, डाग, भोक शोधायचं. बारा तास हेच.

दुपारनंतर कपाळ ठणकतं, डोळे चुरचुरतात, मान आखडते, ही तक्रार. त्यात कापडाचे दोन खराब ताके, म्हणजे अख्खे गठ्ठे, त्यांच्या नजरेतून सुटले होते. शेठनं बजावलं होतं, आणखी एक सुटला की गाठोडी उचलायला जायचं. कंबर आधीच धरलेली. शिवाय वडिलांचे डोळे काचबिंदूनं गेलेले. माणूस घाबरणार नाही तर काय!

पहिल्या वेळी सगळं तपासलं होतं. डोळ्यातलं प्रेशर नॉर्मल, आतला पडदा चांगला. फक्त चाळिशीचा नंबर, दीड. मी चिठ्ठी दिली. एकटक बघताना आपण पापण्या मिटायला विसरतो आणि डोळे कोरडे पडतात, तेव्हा मधूनमधून लांब बघा, मुद्दाम पापण्या मिटा, असंही सांगितलं. तरी त्रास वाढलेलाच.

पुन्हा तपासलं. दीडच. तेवढ्यात डॉक्टर डोकावले.

"नंबर बरोबर आहे ना?"

"सर, तीनदा बघितला."

"मग फील्ड टेस्ट करून घे. काचबिंदूची शंका नको."

भाऊंनी एवढाच एक शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला सरांचा असा राग आला! पेशंटसमोर बोलायची काही गरज होती?

विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, "भाऊ, तुमचा चष्मा दाखवा बघू."

"तो कसा आणू ताई? तो टेबलाचा आहे."

"टेबलाचा म्हणजे?"

"टेबलाला दोरीनं बांधेल से ना. दिवसपाळीला मी लावतो, रातपाळीला रामदासनाना."

"आणि मी दिलेली चिठ्ठी?"

"शेठला दाखवली. ते म्हणे, चश्मा तो छे ने, चष्मा तर आहे ना!"

मी कपाळावर हात मारून घेतला. नाना साठीला टेकलेले, हे भाऊंनीच सांगितलं. तडक शेठला फोन लावला.

"बेन, टेबल एक, चश्मा एक," शेठ शांतपणे म्हणाले.

मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, "मग शेठ, दातांची कवळीपण दोघांत एकच देणार का?"

पलीकडे शेठ मोठ्यानं हसले. अर्ध्या तासात दोरी सोडून चष्मा क्लिनिकमध्ये हजर!

मशीनवर मोजला. अडीच, म्हणजे नानांच्या वयाचा नंबर. नंबर ठरावीक अंतरासाठी असतो. जास्तीचा लावला की वस्तू जवळ घेतल्याशिवाय नीट दिसत नाही. टेबल काही वर येत नाही, म्हणून भाऊ खाली वाकत होते. मान त्यामुळेच आखडत होती. आणि नानांचा चेहरा रुंद. काचांचे मध्य त्यांच्या बुबुळांसमोर बसवलेले, भाऊंचे डोळे दिवसभर ओढले जायचे. कपाळ ठणकणारच की!

वडिलांमुळे बाजूची नजर मोजणारी फील्ड टेस्टही करून घेतली. नॉर्मल. "भाऊ, डोळे ठणठणीत आहेत. चष्मा तेवढा दुसऱ्याचा आहे," मी म्हटलं. ते रुमालानं डोळे पुसत बसले. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू?

तीन आठवड्यांनी भाऊ स्वतःच्या चष्म्यात आले. काडीला लाल दोरा गुंडाळलेला; नानांच्या काडीला निळा. कपाळ शांत, एकही ताका सुटला नव्हता, गाठोड्यांचं नावही शेठनं पुन्हा काढलं नव्हतं. "ताई, आते डोया कोठेच जात नहीत," म्हणाले आणि खळखळून हसले.

दोष माझाही होता. नवा नंबर देताना आधीचा चष्मा मागायचा, हे शिकाऊ असतानाच शिकवतात. तेव्हापासून फॉर्मवर मी पेनानं एक रकाना वाढवते: चष्मा कोणाचा? परवा एका काकूंनी त्यात लिहिलं, 'घराचा.'