चारठाण्याची मंदिरं आणि कंपनीची जिलेबी

चारठाणा बघायला आमी निघालोच नव्हतो. निघालो होतो परभणीला, डॉक्टरकडं. त्यांनी माझ्या सासूची, आत्याबाईंची, बीपीची गोळी बदलली अन् तवापासून त्यांचे पाय असे सुजले की चप्पल जाईना.

आमच्या पेडगावहून ऑटोनं परभणी गाठली. दवाखान्यात निस्ता कंपाउंडर.

"साहेब शिक्षणाला गेलेत. औषधाच्या कंपनीनं नेलंय, चारठाण्याला."

"तिथं कवा निघाली डॉक्टरांची शाळा?"

तो दात काढायला लागला. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, चला आत्याबाई, आज शाळाच बघू.

जिंतूरपर्यंत बस, पुढं जीप. जीपमधी पुढची सीट मागून घ्या, मागं माणसं पोत्यासारखी कोंबत्यात. चारठाण्याला उतरलो. मंदिराचे कोरीव खांब मात्र असे देखणे, की घडीभर राग इसरले.

पलीकडं मांडवात डॉक्टर लोक जेवायलेत. समद्यांच्या डोक्यावर टोप्या, अन् टोपीवर तेच चित्र जे आत्याबाईंच्या गोळीच्या पाकिटावर हाय. पिशवीतून पाकीट काढून ताडून बघितलं.

कंपनीचा माणूस लय गोड. "या मावशी, जेवूनच जा." आत्याबाईंना खुर्ची दिली, पुढं गरम जिलेबी. त्यांनी खाल्ली. मी न्हाई.

तेवढ्यात आमचे डॉक्टर दिसले. "तुम्ही इथं कशा?"

"आत्याबाई, सांगा पायाचं."

"बरं हाय बापा," आत्याबाई म्हणल्या.

मी कपाळाला हात लावला अन् त्यांचं लुगडं घोट्यावर सारलं. डॉक्टरांनी सुजेवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेना.

"गोळीनं येते का ही सूज?"

"येते काही जणांना."

"आज शिकवलं का ते?"

त्यांनी कंपनीच्या माणसाकडं बघितलं. "आज फायद्यांवर होतं."

"शिकवणार कंपनी, जेवू घालणार कंपनी. मग गोळीची खोड कोण सांगणार?"

"हळू बोला मावशी. नवीन औषधं आम्हाला कळायला नकोत का?"

"कळू द्या की! पदरच्या पैशानं शिका!"

मान खाली घालून त्यांनी जुनी गोळी लिहून दिली.

परतताना जीपमधी आत्याबाई माझ्यावरच भडकल्या. "कंपनीचं खाल्लं अन् कंपनीलाच बोललीस? माझं तर तोंडच उघडलं न्हाई."

पाय आत्याबाईंचे सुजलेले, तरी दोन जिलेब्यांनी त्यांचं तोंड बंद. अन् ते डॉक्टर तर सकाळपासून तिथंच खायलेत!

आता चप्पल नीट जाते. पण तीच गोळी खाणारे आमच्या गावात अजून लय हायत. त्यांचे पाय कोण बघणार?

चारठाण्याला जरूर जा. भाकरी मात्र घरून बांधून न्या.