कोरं सूत

सरांच्या हातात काहीही दिलं की ते आधी उजेडाकडे धरत. लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट, उडदाचा पापड, उत्तरपत्रिका, काहीही. वस्तू कामाची आहे की नाही हे नंतर, आधी तिच्यातून उजेड कसा येतो ते पाहायचं. एकदा उशिरा आल्याबद्दल प्राचार्यांनी त्यांना लेखी खुलासा मागितला. सरांनी तो कागद खिडकीपाशी नेला, वर धरला आणि म्हणाले, "कागद चांगला आहे साहेब, जाडी सगळीकडे सारखी आहे." प्राचार्य हसले आणि खुलासा राहून गेला. पोरं त्यांना उजेडसर म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मी लाखनीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली पहिली चौदा सरांच्या हाताखाली गेली. हाताखाली म्हणायचं इतकंच, कारण त्यांनी मला कधी हुकूम दिल्याचं आठवत नाही. मी आकडे नीट लिहितो, दशांशचिन्हापुढचा शेवटचा आकडाही सोडत नाही, म्हणून ते मला मुनीमजी म्हणत. उपकरणाचा काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला की मला बोलवत. "मुनीमजी, पॉइंटच्या मागचं मलेही दिसते. पुढचं तुम्ही सांगा."

सर आंबागडचे. वडील जंगलातल्या कामावर होते. वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत, प्रयोगशाळेत शिरले की घरची बोली सुरू होई. प्रकाश हा शब्द वर्गातला, उजेड हा प्रयोगशाळेतला. नवी तुकडी आली की पहिल्या तासाला ते खिशातून तांदूळ काढत आणि एकेका पोराच्या तळहातावर दोन दोन दाणे ठेवत. एक दाणा काचेसारखा, दुसरा पोटात पांढरा. तांदूळ एकच, मग एकातून उजेड पार जातो आणि दुसऱ्यात अडतो तो काहून, असं विचारत. शेतकऱ्यांचीच पोरं ती, पांढऱ्या पोटाचा दाणा गिरणीत तुटतो एवढं सगळ्यांना ठाऊक असे. त्या दाण्याच्या आत बारीक पोकळ्या राहतात, उजेड त्यांना आपटून सगळीकडे विखुरतो आणि म्हणून तो भाग पांढरा दिसतो, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळे. मलाही ते तिथंच कळलं. तोवर मी तेवीस वर्षं भात खाल्ला होता.

उजेड वस्तूवर पडला की थोडा परत येतो, थोडा पार जातो, थोडा आत राहतो, असं ते सांगत. परत आलेला मोजता येतो, पार गेलेलाही येतो. आत राहिलेला वजाबाकीनं काढायचा. "आणि वजाबाकीत माणूस चुकते," हे पुढं ठरलेलं असे.

याच विषयावर त्यांनी नागपूरला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. आपल्या भागातल्या वस्तू आणि उजेड. तांदळाचे दाणे, अभ्रकाचे पापुद्रे, भंडाऱ्याचं पितळ आणि कोशाचा, म्हणजे कोसा रेशमाचा, धागा. मोठी उपकरणं आमच्याकडे नव्हती. एक जुना वर्णपटमापी, एक प्रकाशघट, आणि सरांनी स्वतः पैसे टाकून आणलेला अतिनील दिवा. त्या दिव्याखाली काही वस्तू न दिसणारा प्रकाश पितात आणि दिसणारा परत देतात, चमकतात. खोलीच्या खिडक्यांना आम्ही काळं कापड लावलं होतं. दुपारी दोन ते चार, तास नसताना, सर आणि मी त्या अंधारात बसत असू. सर दिव्यापाशी, मी दाराच्या फटीपाशी वही घेऊन. त्या दोन तासांसाठी मी सकाळपासून कामं उरकत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

कोशाचा धागा मी आणून देई. माझी सासुरवाडी मोहाडीकडची, विणकरांचं घर. घरात दोन हातमाग. सासूबाईंना मी मामीजी म्हणतो. सरांना संशोधनासाठी धागा पाहिजे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं लडी बांधून दिली आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी देत राहिल्या. माझ्या बायकोला त्याचा फार अभिमान. शेजारणींना सांगे की आमच्या आईच्या सुताची नागपूरला परीक्षा सुरू आहे.

एका दुपारी सरांनी ती लडी अतिनील दिव्याखाली धरली. मग मला जवळ बोलावलं. शुद्ध कोसा त्या दिव्याखाली निळसर, मळकट दिसतो. ही लडी हिरव्या-पिवळ्या रंगानं उजळली होती. सरांनी दुकानातून आणलेला कोसा शेजारी धरला. तो निळसरच. लड्या बदलल्या, दिवा लांब-जवळ करून पाहिला, दिशा बदलली. सासुरवाडीचा प्रत्येक धागा चमकत होता आणि बाहेरचा एकही नाही.

पुढचे आठ महिने आम्ही तेच मोजलं. दोनशे बारा नोंदी. सरांचा अंदाज होता की हे आपल्याकडच्या ऐनाच्या झाडांमुळं असावं. ऐनाचा पाला खाऊन किडे कोश करतात, त्या पाल्यातलं काहीतरी धाग्यात उतरत असेल. नागपूरच्या त्यांच्या मार्गदर्शकांनीही मान हलवली आणि एका परिसंवादात निबंध वाचायला सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सर साकोलीला जाऊन नवा शर्ट शिवून घेऊन आले. फिकट निळा. तो दाखवायला प्रयोगशाळेत घेऊन आले आणि स्टुलावर बसून, इकडंतिकडं पाहत म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं लोकांनी शोधलेलं शिकवलं, मुनीमजी. हे एक माह्यं."

त्याच आठवड्यात मेव्हण्याच्या मुलीचं बारसं होतं म्हणून मी सासुरवाडीला गेलो. पाहुणे जेवून गेल्यावर मामीजी मागच्या पडवीत बसल्या होत्या. समोर गंज, पितळेचं पातेलं, त्यात पिवळं पाणी, आणि त्या एक लडी बुडवून पिळत होत्या. मी विचारलं, हे काय करून राहिल्या.

"तुमच्या सरांचं सूत," त्या म्हणाल्या. "हळदीचं पाणी दाखवतो. लेकीच्या घरी कोरं सूत जाऊ देऊ काय?"

आपल्याकडं कोरा कपडा कोणी देत नाही, कोपऱ्याला हळदीचं बोट लागतंच. मामीजींनी सरांचा मान राखून सगळी लडीच बुडवली होती. पहिल्या दिवसापासून. कोसा मुळात मधाच्या रंगाचा, त्यात एवढीशी हळद डोळ्याला दिसत नाही. दिव्याला दिसते.

लाखनीला परत आल्यावर मी कोणालाही न सांगता दुकानातला कोसा घेतला, घरून पुडीत हळद नेली, धागा बुडवला, वाळवला आणि दिव्याखाली धरला. तसाच उजळला. आकडे लिहून काढले. जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. शंकेला जागा नव्हती.

त्यानंतर मी अकरा दिवस बोललो नाही. सर रोज दुपारी अंधाऱ्या खोलीत गुणगुणत असत. तोवर मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी दाराच्या फटीपाशी बसून आकडे लिहीत होतो आणि प्रत्येक आकडा कशाचा आहे हे मला माहीत होतं. परिसंवाद होऊन जाऊ द्यावा, असं रोज ठरवत होतो. नागपुरात कोणाला कळणार होतं. घरी बायकोलाही सांगितलं नाही, कारण तिच्या आईचा प्रश्न होता.

बाराव्या दिवशी मी दिव्याखाली दोन लड्या ठेवल्या आणि सरांना बोलावलं. ते बराच वेळ पाहत राहिले. "ही आपली," ते म्हणाले. "ही कोणती?"

"दुकानातली. हळदीच्या पाण्यातून काढलेली."

मग मी बारशाचं सगळं सांगितलं. सरांनी दिवा बंद केला, खिडकीचं काळं कापड स्वतः उठून बाजूला केलं. खोलीत ऊन आलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले तुम्हाले समजून?"

"अकरा."

"मी तुमच्या जागी असतो तर बाराही गेले असते," ते म्हणाले. मग वही मागितली.

मी खोडरबर काढत होतो. त्यांनी हात धरला. खोडायचं नाही, रेघ मारायची, आणि आकडा वाचता आला पाहिजे अशी मारायची. दोनशे बारा रेघा मी मारल्या, पट्टी लावून. सर शेजारी बसून होते. अर्ध्यात चहा आला तोही तसाच राहिला. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'धाग्यावर हळद होती', आणि खाली सही केली. कोणी लावली, ते लिहिलं नाही. मग बाहेर जाऊन निबंध मागे घ्यायला नागपूरला फोन केला. मी आतून पाहत होतो. फोन लवकर संपला. नंतर बराच वेळ ते गुलमोहराखाली उभे होते, खाली पडलेलं एक पान उचललेलं हातात होतं, पण ते त्यांनी वर धरलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मोहाडीला घेऊन चला म्हटलं. अंगात तोच निळा शर्ट होता. वाटेत एकच गोष्ट बजावली, की माउलीला यातलं काही कळता कामा नये. मामीजींनी पाटवडीचा रस्सा केला होता. सर पोटभर जेवले, दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर त्या पदर सावरून पुढं आल्या आणि विचारलं, आमचं सूत कसं निघालं.

"माय," सर म्हणाले, "असा उजेड मी आजवर कोणत्याच सुतात पाहिला नाही."

हे अक्षरशः खरं होतं. मामीजींचा चेहरा फुलला. मग सर म्हणाले, मले आता सुताची पहिल्यापासूनची चाल पाहायची आहे, म्हणून या खेपेले मीच रिळावरून काढून घेतो. त्यांनी स्वतः धागा काढला, स्वतः कागदात गुंडाळला. मामीजी बाजूला उभ्या राहून पाहत होत्या.

नंतर आम्ही सगळं पुन्हा मोजलं. काही विशेष निघालं नाही. कोसा कोशासारखाच निघाला, निळसर आणि मळकट. निवृत्तीचा दिवस आला तेव्हा कोशाचं काम जेमतेम संपलं होतं आणि पितळाला हात लागला नव्हता. पुढं नोंदणीची मुदतही संपली. सरांच्या नावामागं डॉक्टर लागलं नाही. आता जी पोरं येतात त्यांचे सर डॉक्टर आहेत, चांगले शिकवतात. मी त्यांच्याशीही नीट वागतो. पण कोणी मला पॉइंटच्या पुढचं विचारत नाही. यंत्रावर आकडा थेट उमटतो, चार दशांश स्थळांपर्यंत.

सर रायपूरला लेकीकडे राहायला गेले. बस स्टँडवर मी सोडायला गेलो होतो. त्यांनी अतिनील दिवा मला दिला आणि वही मागून घेतली. बसमध्ये चढताना म्हणाले, रविवारी दहा वाजता फोन करत जा. मी करत होतो. मुलांचं शिक्षण, तिकडच्या तांदळाची जात, गुडघे, असंच बोलणं होई. त्या अकरा दिवसांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी त्यांच्या लेकीचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी मी मोहाडीला गेलो. मामीजी आता थकल्यात. दोन्ही माग विकले, एका जागी बसून असतात. सर गेले म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत सांगतलं नाही त्याहीनं मले."

"काय?"

"हळदीचं."

त्या म्हणाल्या, रिळावरून कोरं सूत काढून घेतलं तेव्हाच आपल्या ध्यानात आलं. कोणी मोठा माणूस असा जेवायला येऊन आपल्या हातानं सूत गुंडाळते काय. आपल्या हातून काहीतरी बिघडलं आहे, हे त्यांना त्या दिवशीच समजलं होतं.

"मंग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"त्याहीले वाटत होतं का मले माहीत नसावं. तं मले माहीत नव्हतं."

मामीजींनी विचारलं, दुसऱ्या खेपेले काय निघालं. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "साधा कोसा निघाला."

"मंग बरोबर निघालं," मामीजी म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती. मी सवयीनं उठून अंगणात आलो, मोबाईल काढला आणि सरांचं नाव शोधलं. त्यांना सांगण्यासारखं इतकं मोठं माझ्याकडे याआधी कधीच काही नव्हतं.