देवाला वाहिलेली जलपर्णी

त्या सोमवारी प्रातःसंध्येसाठी आमच्या गावच्या गोदाघाटावर बसलो होतो, आणि समोरच्या डोहातून एक होडी इतकी सरळ निघून गेली, की ओंजळीतले अर्घ्य ओंजळीतच राहिले... चार वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडत होती, एकाच क्षणी वर येत होती. वेदपठणात चार कंठांचा स्वर एक झाला म्हणजे जे वाटते, ते मला त्या वेळी वाटले.

आमचे गाव सोनपेठजवळचे. ती नामांतराच्या आंदोलनाची वर्षे होती. विद्यापीठाच्या नावावरून गाव असे दुभंगले होते, की चहाच्या हॉटेलातही लोक एकमेकांकडे पाठ करून बसत... आणि त्याच दिवसांत त्या होडीत भोई आळीतले दोन तरुण व बौद्ध वस्तीतले दोन तरुण एकामागे एक बसून वल्हवीत होते.

त्यांना शिकवणारा उत्तम वस्तीतलाच, फौजेतून परतलेला. शर्यतीची होडी वल्हवणे तो तिथेच शिकला. या चौघांना राज्याच्या निवड चाचणीसाठी पुण्याला न्यायचे, हा त्याचा एकच ध्यास होता.

मी देवळाचा पुजारी. पहिल्याच आठवड्यात त्याला बजावले, की अभिषेकाचे पाणी घाटावरून भरतात, तेव्हा होडी घाटाच्या खालच्या अंगाला न्यावी. कारण पाण्याचे सांगितले... मनात काय होते ते त्यालाही कळले, मलाही.

तो हसला. "खाली तर खाली, गुरुजी. मंग तुमी वरून जे जे सोडताल, ते समदं आमालाच की!"

त्याच वर्षी मानवतला एका व्यापाऱ्याच्या बागेतील हौदात तरंगणारी जांभळी फुले पाहिली. मोराच्या पिसावर असावा तसा डोळा प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर. भगवंताला असे फूल कोणी वाहिले नसेल, या लोभाने दोन रोपे पातेल्यात घालून आणली आणि देवळातील दगडी कुंडात सोडली.

चातुर्मास फुलांचा गेला. पुढे कुंड धुवायचे म्हणून ती रोपे निर्माल्यासह, मंत्र म्हणत, मी स्वहस्ते डोहात सोडली. निर्माल्याला वाहते पाणी हवे आणि डोह वाहत नाही, हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो... तरीही सोडली.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत डोह हिरवा झाला. बायकांना घागर बुडवण्यापूर्वी हाताने पाने सारावी लागत. पाण्याला कुजका वास येऊ लागला. वल्ही मुळांत अशी गुंतत, की होडी जागच्या जागी गोल फिरे.

उत्तम आणि ते चौघे छातीएवढ्या पाण्यात उतरून विळ्यांनी ती जलपर्णी कापीत. दिवसभर काठावर ढीग लावीत, आणि आठवड्यात डोह पुन्हा जसाच्या तसा... चाचणीला महिना उरला होता.

मग गावात कुजबुज सुरू झाली. घाट बंद पडावा म्हणून वस्तीतल्यांनीच हे मुद्दाम पाण्यात टाकले, असे कोणीतरी म्हणाले. कोण, ते अखेरपर्यंत कळले नाही. अशा वाक्यांना कर्ता नसतोच.

तोवर पानांतून जांभळी फुले वर आली होती. मी ती पाहताक्षणीच ओळखली... आणि गप्प राहिलो. आठ दिवस. त्या आठ दिवसांत नित्याचे जप, पारायण, सर्व काही यथासांग चालू होते.

नवव्या दिवशी भोई आळीतल्या दोघांना घरच्यांनी होडीवरून उतरवले. "त्यायच्यासंगं बसायचं न्हाई," एवढेच एकाच्या आजोबांनी काठावरून ओरडून सांगितले. दोघे मान खाली घालून गेले. होडीत दोनच उरले.

त्या संध्याकाळी मी उत्तमकडे गेलो. वस्तीत पाऊल टाकण्याची माझी ती पहिली वेळ. उभ्या उभ्याच सारे सांगितले.

तो विळ्याला धार लावीत राहिला. मग म्हणाला, "आठ दिस आदी बोलला असता, गुरुजी, तर पोरं टिकली असती. आता मला सांगून काय उपेग? गावाला सांगा."

एकादशीच्या कीर्तनानंतर, भरल्या देवळात, मी उभा राहिलो. रोप मी आणले, मी सोडले, वस्तीचा यात तिळमात्र संबंध नाही, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. उत्तम बाहेर शेवटच्या पायरीपाशी उभा राहून ऐकत होता.

पुढच्या रांगेतील एक वृद्ध गहिवरून म्हणाले, "केवढं मोठं मन! दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला लागलेत गुरुजी. हे खरं संतपण!"

मी "नाही, नाही" म्हणत होतो, आणि मी जितके नाही म्हणे तितके लोक अधिक वाकत होते. रांग लागली. एकेक जण पायांवर डोके ठेवू लागला... आणि थोड्या वेळाने मी बोलणे थांबवले. पाय मागे घेतले नाहीत.

पायरीकडे पाहिले, तेव्हा उत्तम निघून गेला होता. चाचणीला कोणीच गेले नाही. पावसाळ्यात पुराने बरीचशी जलपर्णी वाहून नेली, खालच्या गावांकडे. उरलेल्या मुळांतून ती दर उन्हाळ्यात परत आली. ते दोन तरुण मात्र होडीवर परत आले नाहीत.

नदीत काय टाकू नये याचे धर्मशास्त्रातील नियम मला बालपणापासून मुखोद्गत आहेत. त्यांचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. उत्तमने त्यानंतर माझ्याशी एकही कठोर शब्द बोलला नाही. त्या ऋणातून मी मोकळा होणार नाही.

हे आज मोबाइलवर सर्वांसाठी लिहिले, ते खरे आहे. वाचणाऱ्यांना एकच विनंती... याच्याखाली हात जोडल्याची चित्रे टाकू नका.