एरुपेची घंटा

माझी धाकटी जाऊ अकुवाम हट्टी आहे, हे मी तिच्या लग्नातच ओळखलं होतं. पण इतकी असेल असं नव्हतं वाटलं. चारा संपला की आम्ही झोपड्या मोडतो, गाढवांवर लादतो आणि निघतो, आमचा जन्मच त्यात गेला. त्या वर्षी सगळे निघायच्या तयारीत, आणि ही म्हणते, मी येत नाही.

कारण एरुपे. तिचा मुलगा, शेळ्यांमागे जायच्या वयाचा, तापाने गेला. आमच्यात पोराटोरांना पुरत नाहीत. ज्याचा संसार झाला, लेकरंबाळं, गुरंढोरं मागे राहिली, त्यालाच गोठ्यातली जमीन मिळते. बाकीच्यांना रानात ठेवून यायचं आणि मागे वळायचं नाही. माझीही एक मुलगी अशीच गेली, दात यायच्या आधी. मी नाही वळले. अकुवाम वळली.

तेव्हापासून संध्याकाळी शेळ्या परतल्या की त्यांच्यामागून घंटा वाजायची. एरुपेच्या शेळीची. ती शेळी दुष्काळातच मेली होती, आणि घंटा तर अकुवामच्या झोपडीत टांगलेली. म्हणाल, म्हातारीला भास होतात. होत असतील बाबा. पण शेळ्याही माना वळवून कोरड्या नदीकडे बघत राहायच्या, त्यांना कसले भास? मी तर झोपडीत शिरायचे. अकुवाम मात्र एरुपेच्या भांड्यात दूध घालून दारात बसायची.

"आपण गेलो आणि तो आला तर, अक्का? रिकामी जागा बघून पोर कुठे जाईल?"

माझा दीर चिडला, रडला, आणि शेवटी शेळ्या तरी जगवू म्हणून त्याने निघायचं नक्की केलं. राहायचं तर राहा एकटी, म्हणाला. एकटी राहिली असती तर मेली असती, दुसरं काय.

त्याच सुमारास, निघायला थोडे दिवस असताना, सरोवराकडच्या दगडी खांबांपाशी खोदकाम सुरू झालं. नाचता नाचता दगड झालेली माणसं आहेत ती, असं आम्ही मानतो. जवळून जाताना त्यांच्यावर एक खडा ठेवायचा आणि गुपचूप पुढे सटकायचं. तिथे माती चाळायला बायका हव्या होत्या. अकुवाम दारातून तरी हलेल म्हणून मी तिला ओढतच नेलं.

आणि नेमकं हिच्यासमोरच पोर निघालं. एवढंसं, कुशीवर निजलेलं, गळ्यात दगडी मण्यांची माळ. खोदकाम बघणाऱ्या नैरोबीच्या बाई म्हणाल्या, पाच हजार वर्षांपूर्वीचं असेल. शेळ्यामेंढ्या आणि गुरं घेऊन या किनाऱ्याला पहिल्यांदा आलेले ते लोक. त्यांच्या जनावरांची हाडंसुद्धा सापडलीत.

"कुणा बड्या माणसाचं पोर असेल," अकुवाम म्हणाली.

"तसं दिसत नाही. इथे म्हातारे आहेत, बायका आहेत, तान्ही पोरं आहेत. सगळे शेजारी शेजारी, बहुतेकांच्या अंगावर मणी."

"शेळ्या राखणारेच ना? आणि पोरांना पुरायचे?"

बाई हो म्हणाल्या. अकुवाम खाली बसली आणि माती मुठीत घेऊन तशीच राहिली. माझ्या मनात काय आलं ते सांगत नाही.

पोराची हाडं पेटीत ठेवून नेली. खड्डा बुजवायच्या दिवशी अकुवाम अंगावरच्या कापडाआड काहीतरी लपवून आली. मी हात धरला, म्हातारी माणसं काय म्हणतील, विटाळ होईल, सगळं बोलले. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"बाई, त्याची जागा रिकामी झाली ना? मग ती माझ्या एरुपेला द्या."

बाई बाजूला झाल्या. अकुवामने घंटा खड्ड्यात ठेवली, आतल्या लोलकाला लोकर गुंडाळून, वाजू नये म्हणून. पहिली माती तिनेच लोटली.

आम्ही निघालो, तीही आली. नव्या जागी पहिल्या संध्याकाळी शेळ्या आल्या आणि सरळ आत शिरल्या. एकीनेही मान वळवली नाही. अकुवाम भांडं धुऊन निजायला गेली. मी मात्र दारातच बसून राहिले, कान लावून. माझ्या पोरीकडे घंटा नव्हती. आली तरी मला कळणार कशी?

आता खांबांवरून जाताना मी दोन खडे ठेवते.