भावाची अमेरिकेतली कॅसेट
परवा माळ्यावर जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली आणि फितीच्या वासासरशी आंधळगावची एक दुपार आठवली. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया नुकताच वेगळा झाला होता. अमेरिकेतल्या मोठ्या भावाने आपल्या तिथल्या घराचं शूटिंग करून पाठवलं होतं. आईने मला हातमागावरून उठवून ते लावायला सांगितलं. पण तिकडची कॅसेट वेगळ्या पद्धतीची, आमच्या व्हीसीआरवर नीट चालेना. काळंपांढरं चित्र नुसतं वर सरकत राहिलं. भावाचा चेहरा दिसेना, तसं मला आतून बरंच वाटलं. "बंद करू का, माय?" मी विचारलं. "राहू दे. आवाज तं येऊन राहिला ना त्याचा," म्हणत ती टीव्हीला कान लावून बसली. मी रोज तिच्याशी बोलायचो, पण माझं बोलणं तिने असं कधी ऐकलं नव्हतं. अजूनही भावाचा फोन आला की तो तिच्या हाती देऊन मी अंगणात जातो.