वाघोबाचा उरलेला दाणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. 

आमचं संस्थान भारतात विलीन झालं आणि सूर्यमाळकडची रानं लिलावात निघू लागली. त्याच सुमाराला पाड्यांवर भजनी मंडळं आली. मी तुळशीची माळ घातली. देवासाठी? लाकूडतोडीचा ठेकेदार माळकऱ्यालाच मुकादम करायचा, कारण तो दारू पीत नाही — हे मला ठाऊक होतं.

वाघोबाच्या देवराईला मात्र कुणी कुऱ्हाड लावेना. राई तुटली तरच मुकादमी, ठेकेदाराने बजावलं. माझा सोबती लाडकू म्हणाला, सोमाकाकाला वाघोबाचा कौल मिळाला तर तोडू. सोमाकाका आमचा भगत, माझा सख्खा चुलता. तो चिमटीने तांदूळ पाटावर टाकायचा. मग दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावायच्या. सगळ्या जुळल्या तर देवाची परवानगी, एक दाणा उरला तर नाही. काकाला दिसेनासं झालं होतं, म्हणून माळ घातल्यावरही जोड्या मीच लावायचो.

त्या दिवशी एक दाणा उरला.

मी काय केलं? घाम पुसायच्या निमित्ताने हात तोंडाशी नेला — आणि तो दाणा गिळला.

"काय रं, सुटा ऱ्हायला का?" काकाने विचारलं.

"नाही काका. जोड्या लागल्या."

लाडकू हसला. "म्हंजी तुझ्या माळेचा देव नि आमचा वाघोबा, दोघांचं जमलं म्हणायचं."

चौथ्या दिवशी राई तोडताना ऐनाचं झाड लाडकूच्या अंगावर पडलं. जागीच गेला. त्याला का? दाणा तर माझ्या पोटात होता.

लाडकूच्या बायकोने काकाचा पाट अंगणात भिरकावला. "तुझा कौल खोटा." त्यानंतर काकाकडे कुणी फिरकलं नाही. सगळा पाडा माळकरी झाला. मी मुकादम झालो, भजनात पुढे बसून टाळ वाजवू लागलो. लोक म्हणायचे, जुना देव संपला. संपला होता? मग रानाच्या वाटेवर माझ्या मागे पावलं का वाजायची? आजही भाताचं कच्चं शीत दाताखाली आलं की मी ताटावरून उठतो.

काका अंथरुणाला खिळला तेव्हा सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. त्याने माझा हात चाचपला.

"माझ्याच हातनं काय चुकलं असंल रं त्या दिवशी," तो म्हणाला. "लाडकूसारखा पोरगा गेला."

काका, दाणा मी गिळला, मला माफ कर — एवढंच बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं.

"असंल, काका," मी म्हणालो.