पाला मी खाल्ला, कडू तिला लागला

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मोजून दाखवा म्हणणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण चूक माझीच होती.

धाकटी बहीण सुनंदा फुलंब्रीजवळ दिलेली. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अद्रकात खुरपताना तिच्या पायाला काहीतरी चावलं. दाजींचा मला बजाजनगरला फोन आला.

"साप काय दिसला नाय. लिंबाचा पाला चारला तिला. कडू लागतोय म्हणती."

"कडू लागतोय ना? मग विष नाय. पडू द्या घरी," मी म्हणालो.

आमच्याकडे ही परीक्षा अजून चालते — कडुलिंबाचा पाला कडू लागला नाही, तर विष भिनलं. आणि माझ्यासारख्या शहाण्याने तिला फोनवरच पास करून टाकलं.

संध्याकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शहरात आणलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, मग नळी तिरकी केली... रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणस असणार, म्हणाले. इंजेक्शनांनी दोन दिवसांत रक्त गोठू लागलं, पण तोवर किडन्या बंद पडल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस. लघवीची पिशवी अकरा दिवस कोरडी. मी त्या पिशवीकडेच बघत बसायचो.

बाराव्या दिवशी दुपारी खाली गेलो. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाचं झाड आहे. स्वतःचाच इतका राग आला की मूठभर पाला ओरबाडला आणि चावून चावून खाल्ला. कडू लागलाच नाही... गवत खाल्ल्यासारखं. कुणाला बोललो नाही. तोंड धुऊन वर आलो.

सुनंदा तोंड वाकडं करून थुंकत होती.

"दादा, मला लिंब कुणी चारला? लई कडू लागतंय."

"कुणी काय दिलं नाय," दाजी म्हणाले. "आत्ताच असं करायली."

मी पिशवीकडे पाहिलं. तळाशी पिवळसर पाणी होतं... दोन चमचे असेल. मी तिथंच रडलो.

डॉक्टर म्हणतात, अशा किडन्या पुष्कळदा परत चालू होतात, त्यात नवल नाही. मान्य. आता डायलिसिस बंद आहे. सुनंदा शेतात जाते, आणि गावात कुणाला काही चावलं की "पाला ऱ्हाऊ द्या, आधी गाडी काढा" म्हणून सगळ्यांच्या मागे लागते. पण पाला मी खाल्ला आणि कडू तिला लागला, हे काही मला मोजून दाखवता येत नाही.

परवा त्याच झाडाचं एक पान पुन्हा खाऊन बघितलं. जाम कडू लागलं. फार बरं वाटलं.